भाड्याने देणे आहे : उपनगरातल्या एका जाहिरातीची कुळकथा

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर यांपैकी कोणत्याही उपनगरात स्वतःच्या मालकीची सदनिका भाड्याने द्यायला निघालेला घरमालक जी जाहिरात देतो, तिचा मजकूर बहुतेक ठरलेला असतो : वन बीएचके, स्टेशनपासून सात मिनिटे, चोवीस तास पाणी, लीव्ह अँड लायसन्स, अकरा महिने, फक्त फॅमिली किंवा कंपनी, डिपॉझिट अमुक, दलाल क्षमस्व. हा मजकूर मालकाला स्वतःचा वाटतो. प्रत्यक्षात त्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द कुठल्या तरी कायद्याने, कुठल्या तरी निकालाने किंवा त्या कायद्याला चुकवण्याच्या कुठल्या तरी युक्तीने तिथे आणून ठेवलेला आहे. घर कसे आहे हे सांगण्यासाठी त्यात तीन-चार शब्द खर्ची पडतात आणि उरलेले शब्द ते घर मुदतीनंतर परत कसे मिळेल याची तजवीज करण्यात जातात. या जाहिरातीचा इतिहास म्हणजे मुंबईतल्या घरमालकाच्या धास्तीचा इतिहास होय, असे म्हटले तर ते फारसे चुकीचे ठरणार नाही.

घर भाड्याने देण्याची जाहिरात मुळात धास्तीतून जन्मलेली नाही. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हिअस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई या रोमन नगरातल्या भिंतींवर रंगाने लिहिलेल्या अशा दोन जाहिराती सापडल्या आहेत. एकीत नायगिडिअस मायस या मालकाच्या इमारतीतले दुकानगाळे, त्यांवरचे माळे आणि वरच्या मजल्यांवरच्या खोल्या १ जुलैपासून भाड्याने मिळतील असे सांगून चौकशीसाठी मालकाच्या प्रायमस नावाच्या गुलामाला भेटावे असे लिहिले आहे. दुसरीत ज्युलिया फेलिक्स या मालकिणीचे स्नानगृह, दुकाने आणि खोल्या १३ ऑगस्टपासून ५ वर्षांसाठी देऊ केल्या आहेत. जागेचे वर्णन, ताब्याची तारीख, मुदत आणि चौकशीचे ठिकाण ही जाहिरातीची चारही अंगे तिथे पूर्ण आहेत. भाडेकरू कोण असावा याविषयीचा निर्बंध म्हणता येईल असे मात्र तिथे जवळजवळ काहीच नाही, आणि उपनगरातल्या आजच्या जाहिरातीशी तुलना करताना हाच फरक आधी डोळ्यांत भरतो.

मुंबईत छापील जाहिरात आली ती इंग्रजी वृत्तपत्रांबरोबर. अठराव्या शतकाच्या अखेरच्या दशकात निघालेली ‘बॉम्बे गॅझेट’ आणि ‘बॉम्बे कुरिअर’ ही साप्ताहिके आणि १८३८ मध्ये निघालेले ‘बॉम्बे टाइम्स’, म्हणजे पुढचे ‘टाइम्स ऑफ इंडिया’, यांत बंगले, गोदामे आणि कचेरीच्या जागा भाड्याने देण्याच्या सूचना येत. या सूचना कंपनी सरकारचे अधिकारी, युरोपीय व्यापारी आणि त्यांच्याशी व्यवहार असलेले पारशी मालक यांच्यापुरत्या होत्या. शहरातला बहुसंख्य मराठी रहिवासी ज्या चाळीत राहत असे, त्या चाळीतली खोली जाहिरात वाचून मिळत नसे. गिरणीत काम लावून देणारा मुकादम, गावाकडचा आधी आलेला माणूस, खानावळीची मालकीण किंवा भाडे वसूल करणारा मालकाचा मेहता यांच्यापैकी कोणाच्या तरी शब्दावर बिऱ्हाड पडे, आणि गिरणगावातल्या एकेका खोलीत एकाच गावचे आठ-दहा पुरुष राहत असल्याने खोली कोणाच्या नावावर आहे हा प्रश्नच अनेकदा दुय्यम असे.

उपनगर हे या व्यवहाराचे वेगळे क्षेत्र होते. १२ एप्रिल १८६७ रोजी विरार ते बॅकबे अशी पहिली उपनगरी गाडी धावली तेव्हा बोरिवली आणि अंधेरी ही साष्टी बेटावरची खेडी होती आणि तिथे भाड्याने घर घेण्याचे कारण फार थोड्यांना होते. १८९६ च्या प्लेगने ते कारण पुरवले. दाट वस्तीतून बाहेर पडलेल्या सुखवस्तू कुटुंबांनी वांद्र्यापासून पुढे मोकळ्या हवेत घरे शोधायला सुरुवात केली. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर, माटुंगा, शीव या भागांत आखीव वसाहतींची कामे हाती घेतली. १९१५ च्या नगररचना कायद्यामुळे साष्टीतही आखीव रस्ते आणि भूखंड यांना आधार मिळाला. १ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि ५ जानेवारी १९२८ रोजी कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी सुरू झाली. नोकरदार माणसाला फोर्टमधली कचेरी आणि उपनगरातले घर यांची सांगड घालता येऊ लागली ती इथून, आणि जाहिरातीत स्टेशनपासूनचे अंतर मिनिटांत सांगण्याच्या रिवाजाचे मूळही याच काळात शोधावे लागते, कारण घराची किंमत आता रेल्वेच्या वेळापत्रकाशी बांधली गेली.

या काळातली भाड्याची जाहिरात म्हणजे मुख्यतः पाटी होती. नव्या इमारतीच्या फाटकावर किंवा गॅलरीच्या कठड्यावर ‘टू लेट’ अशी इंग्रजी पाटी टांगली जाई. ती इंग्रजीत असे याचे कारण सरळ होते : ज्याचा पगार दरमहा ठरलेल्या तारखेला येतो असा कारकून, शिक्षक किंवा वकील मालकाला हवा असे, आणि तो इंग्रजी वाचणारा असे. १९३० च्या दशकातल्या मंदीत नव्या वस्त्यांमध्ये रिकामे ब्लॉक बरेच होते. ब्लॉक म्हणजे ज्यात मोरी आणि संडास घराच्या आतच आहेत असे स्वयंपूर्ण घर, चाळीतल्या खोलीहून वेगळे; मुंबईच्या मराठीत हा शब्द फ्लॅटच्या कितीतरी आधी रुळला. त्या दशकात भाडेकरूने दोन-चार पाट्या पाहून, घासाघीस करून, मालकाकडून रंगरंगोटीचे आश्वासन घेऊन घर निवडावे, अशी आज अविश्वसनीय वाटणारी स्थिती होती. पाटीवर अटी नसत, कारण अटी घालण्याची ऐपत बाजाराने मालकाला दिलेली नव्हती.

ही पाटी नाहीशी कशी झाली हा या कुळकथेचा गाभा आहे. पहिल्या महायुद्धातल्या टंचाईत मुंबई सरकारने १९१८ मध्ये भाडेनियंत्रणाचा कायदा केला होता आणि काही वर्षांनी तो संपुष्टात आला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर १९३९ मध्ये, मग १९४४ मध्ये आणि अखेर १९४७ मध्ये पुन्हा कायदे झाले. यांतला शेवटचा, म्हणजे १३ फेब्रुवारी १९४८ पासून अमलात आलेला ‘मुंबई भाडे, हॉटेल व निवासगृह दर नियंत्रण कायदा’, तात्पुरता म्हणून आला आणि मुदतवाढी घेत अर्धशतक टिकला. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच त्या जागेचे प्रमाण भाडे, म्हणजे कायद्याने मान्य केलेले कमाल भाडे, ठरले. त्यानंतर प्रथमच भाड्याने गेलेल्या जागेचे पहिले भाडे हेच तिचे प्रमाण भाडे मानले गेले. नियमित भाडे भरणाऱ्या भाडेकरूला कायद्यात दिलेल्या ठरावीक कारणांशिवाय काढता येईना, आणि त्याच्या मृत्यूनंतर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयांकडे तो हक्क जाऊ लागला. युद्धामुळे थांबलेले बांधकाम आणि फाळणीनंतर आलेले निर्वासित, ज्यांच्यापैकी अनेकांच्या वस्त्या शीव, चेंबूर आणि मुलुंड भागात उभ्या राहिल्या, हे लक्षात घेतले तर हा कायदा करणाऱ्यांपुढे दुसरा मार्ग होता असे म्हणणे कठीण आहे. तो सौम्य करण्याची वेळ आली तेव्हा तो सौम्य झाला नाही, हा दोष मात्र त्याच्या पुढच्या आयुष्याचा आहे.

याच्या जोडीला आणखी एक कायदा आला आणि त्याची आठवण आज जवळजवळ बुजली आहे. १९४८ च्या मुंबई भूमी अधिग्रहण कायद्याच्या सहाव्या कलमाप्रमाणे जागा रिकामी झाली की मालकाने तशी सूचना विहित नमुन्यात सरकारी अधिकाऱ्याला देणे बंधनकारक होते. सूचना पोचल्यापासून एक महिन्याच्या आत मालकाला ती जागा सरकारच्या परवानगीविना कोणाला देता येत नसे किंवा स्वतः वापरता येत नसे, आणि सरकारला सार्वजनिक प्रयोजनासाठी ती ताब्यात घेता येत असे. बेघरांना घर देणे हे असे प्रयोजन आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये भानजी मुनजी प्रकरणात मान्य केले. अधिग्रहण हा तात्पुरता ताबा असतो, तो पिढ्यान्‌पिढ्या चालू ठेवता येत नाही, हे त्याच न्यायालयाला १९८४ मध्ये एच. डी. व्होरा प्रकरणात सांगावे लागले, कारण त्या प्रकरणातली सदनिका १९५१ पासून सरकारकडे होती. रिकाम्या घराची पहिली सूचना कायद्याने अशी सरकारकडे वळवल्यावर फाटकावर पाटी लावणे म्हणजे आपली जागा रिकामी आहे याचा पुरावा आपणच रस्त्यावर टांगणे झाले. मालकांनी पाट्या उतरवल्या. उघडपणे रिकामे असलेले घर हा जोखमीचा माल बनला आणि जोखमीच्या मालाची जाहिरात कोणी करत नाही.

पाटी उतरण्याचे दुसरे कारण किमतीत होते. प्रमाण भाडे १९४० च्या पातळीवर गोठल्याने जागेचे खरे मोल भाड्यातून वसूल होईना, म्हणून ते पागडीतून वसूल होऊ लागले. पागडी म्हणजे भाडेकरूपण देताना किंवा एका भाडेकरूने दुसऱ्याला सोपवताना घेतलेली ठोक रक्कम. १९४७ च्या कायद्याच्या १८ व्या कलमाने मालकाला आणि १९ व्या कलमाने भाडेकरूला ती घेणे दंडनीय ठरवले होते, तरीही ती शहरभर चालली. जाहिरातीला किंमत सांगावी लागते, आणि इथे सांगता येण्याजोगी किंमत खोटी व खरी किंमत गुन्हा अशी अडचण होती. ज्या व्यवहाराची किंमत छापता येत नाही तो व्यवहार कानोकानी होतो, आणि कानोकानी व्यवहार घडवून आणणारा दलाल उपनगरांत पक्का झाला तो याच वर्षांत. इस्त्रीवाला, वाणी, इमारतीचा रखवालदार यांनाही हे काम जोडधंदा म्हणून मिळाले. दलालाच्या चिकाटीविषयी आणि लोभाविषयी मुंबईकर नेहमी कटू बोलतो. पण त्याचे पोट ज्या कायद्याने भरले तो कायदा भाडेकरूच्या रक्षणासाठी होता, याची दखल क्वचितच घेतली जाते.

याच सुमारास ग्रामीण महाराष्ट्रात शेतजमिनीचे कूळकायदे अमलात येत होते आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कसणारी कुळे जमिनीची मालक मानली गेली. बोरिवली, दहिसर, मुलुंड यांच्या आसपास तेव्हा भातशेती होती, आणि कूळ लागल्याने जमीन गेली अशी उदाहरणे पाहिलेल्या माणसाला घर भाड्याने देणे म्हणजे घराला कूळ लावून घेणे वाटले तर त्यात नवल नाही. वकिली बोलीत न बसणारा हा शब्दप्रयोग आजही उपनगरातल्या मराठी घरमालकाच्या तोंडी ऐकू येतो.

या धास्तीवर उतारा सापडला तो एका जुन्या आणि तोवर फारशा कोणाच्या लक्षात नसलेल्या कायद्यात. १८८२ चा सुविधाधिकार कायदा, जो १८९१ मध्ये मुंबई इलाख्याला लागू झाला, त्याच्या ५२ व्या कलमात ‘लायसन्स’ची, म्हणजे अनुज्ञप्तीची, व्याख्या आहे : दुसऱ्याच्या जागेत काही करण्याची अशी परवानगी, की जी नसती तर ते कृत्य बेकायदा ठरले असते, आणि जिच्यामुळे जागेत कोणताही हक्क निर्माण होत नाही. भाडेपट्ट्याने जागेचा हक्क हस्तांतरित होतो, अनुज्ञप्तीने केवळ वापराची मुभा मिळते. भाडेनियंत्रण कायद्याचे संरक्षण भाडेकरूला होते, अनुज्ञप्तिधारकाला नव्हते. तेव्हा भाडेकरूला अनुज्ञप्तिधारक म्हणायचे, भाड्याला मोबदला म्हणायचे आणि करारावर ‘लीव्ह अँड लायसन्स’ असे लिहायचे, हा मार्ग मुंबईतल्या मालकांनी स्वीकारला. न्यायालये अर्थातच मथळ्यावर थांबली नाहीत. १९५९ मध्ये असोसिएटेड हॉटेल्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कागदाच्या नावापेक्षा पक्षांचा हेतू आणि जागेचा अनन्य ताबा कोणाकडे आहे हे पाहावे असे सांगितले. मुदत अकरा महिन्यांची ठरली ती १९०८ च्या नोंदणी कायद्यामुळे, कारण एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणे त्या कायद्याने सक्तीचे आहे, आणि कागदाचे रूप काहीही ठरले तरी नोंदणीचा प्रश्न येऊ नये हा हेतू होता.

ही वाट १९७३ मध्ये एका फटक्यात बंद झाली. राज्य विधिमंडळाने १९४७ च्या कायद्यात दुरुस्ती करून १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू करारान्वये ज्यांच्या ताब्यात जागा होती असे सर्व अनुज्ञप्तिधारक त्या दिवसापासून भाडेकरू झाले असे मानले. हजारो कुटुंबांना यामुळे रस्त्यावर येण्यापासून संरक्षण मिळाले आणि जे मालक बदलीच्या गावी गेले होते, परदेशी होते किंवा मुलाच्या लग्नापर्यंत जागा इतरांना देऊन बसले होते, त्यांना ती जागा पुन्हा मिळण्याची आशा राहिली नाही. दुरुस्तीनंतरचे अनुज्ञप्तिधारक या संरक्षणाबाहेर होते. परंतु एकदा झाले ते पुन्हा होणार नाही याची हमी कोण देणार, या प्रश्नाला मालकाजवळ उत्तर नव्हते, आणि कुलूपबंद घर ही उपनगरातली नित्याची गोष्ट झाली. मुंबईतली जागेची टंचाई मराठी पडद्यावर ‘मुंबईचा जावई’ने १९७० मध्येच दाखवली होती, एका बाजूला एका खोलीत दाटलेले संसार आणि दुसऱ्या बाजूला टाळे लावलेले ब्लॉक हे दृश्य त्यानंतरच्या दोन दशकांत अधिकच ठळक झाले.

जाहिरातीच्या मजकुरात ‘फक्त कंपनी’ किंवा ‘बँकेला प्राधान्य’ असे शब्द रुळले ते या धक्क्यानंतर. मालकाने माणसाला घर द्यायचे नाही, संस्थेला द्यायचे, आणि संस्थेने आपल्या अधिकाऱ्याला तिथे ठेवायचे. अधिकारी बदलला तरी घर संस्थेकडून परत मागता येते आणि मोठ्या संस्थेला एका ब्लॉकसाठी कोर्टात झगडण्यात रस नसतो, असा हिशेब होता. अंधेरीत १९७३ मध्येच सीप्झ हे निर्यातप्रक्रिया क्षेत्र सुरू झाले आणि मरोळची औद्योगिक वसाहत वाढत होती, म्हणून या प्रकारच्या भाड्याला तिथे गिऱ्हाईकही मिळाले. १९८७ च्या दुरुस्तीने मुदत संपलेल्या अनुज्ञप्तिधारकाकडून जागा लवकर परत मिळवण्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्यापुढे जाण्याची सोय केली, आणि मालकांचा हात थोडा सैल झाला.

जाहिरात या काळात वृत्तपत्रांच्या छोट्या जाहिरातींत शिरली. १९४८ मध्ये निघालेला ‘लोकसत्ता’ आणि १९६२ मध्ये निघालेला ‘महाराष्ट्र टाइम्स’ या दैनिकांच्या छोट्या जाहिरातींच्या स्तंभात ‘देणे आहे’ आणि ‘पाहिजे’ अशा दोन टोकांच्या ओळी शेजारी शेजारी येत. शब्दागणिक पैसे मोजावे लागत, म्हणून क्रियापदे गळाली, विशेषणे गळाली आणि संक्षेपांची एक बोली तयार झाली, जी बाहेरच्या माणसाला कूट वाटावी. पत्ता छापायचा नसेल तर वृत्तपत्राच्या कचेरीत उत्तरे स्वीकारणारा बॉक्स नंबर घेतला जाई. त्यामुळे आलेली पत्रे वाचून, अक्षर, आडनाव आणि नोकरीचे ठिकाण पाहून कोणाला बोलवायचे ते मालक घरबसल्या ठरवी. दूरध्वनीसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षायादी असल्याने अनेक जाहिरातींत क्रमांकापुढे पी. पी. अशी अक्षरे असत, म्हणजे फोन शेजाऱ्याकडे आहे आणि निरोप दिल्यास माणसाला बोलावले जाईल. भाड्याच्या चौकशा अशा रीतीने सगळ्या मजल्याच्या कानांवर जात, आणि नवा भाडेकरू कोण येणार यावर मजल्याचेही मत तयार होई. त्या मताला सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या रूपाने लवकरच अधिकृत तोंडही मिळाले.

कायद्याची गाठ सुटली ती न्यायालयातून. मालपे विश्वनाथ आचार्य विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९ डिसेंबर १९९७ रोजी प्रमाण भाडे १९४० च्या पातळीवर गोठवून ठेवणाऱ्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी आणि मनमानी झाल्या आहेत असे म्हटले. कायद्याची मुदत लवकरच संपणार असल्याने त्या थेट रद्द केल्या नाहीत. त्यानंतर झालेला महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. जाहिरातीच्या दृष्टीने त्याची चार कलमे महत्त्वाची ठरली. कलम ३ ने बँका, सार्वजनिक उपक्रम, परदेशी वकिलाती आणि १ कोटी रुपये किंवा त्याहून अधिक भरणा झालेले भागभांडवल असलेल्या कंपन्या यांना भाडेसंरक्षणातून वगळले, म्हणजे ‘फक्त कंपनी’ ही मालकांनी शोधलेली पळवाट कायद्याच्या पुस्तकात आली. कलम ५६ ने पागडीला मान्यता दिली. कलम २४ ने मुदत संपल्यावर अनुज्ञप्तिधारकाने जागा सोडली नाही तर मोबदल्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई आणि लेखी करार हाच त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा, अशी मालकाला हवी ती हमी दिली. आणि कलम ५५ ने करार लेखी व नोंदणीकृत असण्याची जबाबदारी मालकावर टाकली. नोंदणी नसेल तर अटींविषयी राहणाऱ्याचे म्हणणे, ते खोटे ठरेपर्यंत, खरे मानले जाईल आणि मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकेल असे ठरवले.

या शेवटच्या तरतुदीनंतर अकरा महिन्यांच्या मुदतीला महाराष्ट्रात कायदेशीर प्रयोजन उरलेले नाही, कारण मुदत कितीही असली तरी नोंदणी करावीच लागते आणि ६० महिन्यांपर्यंतच्या करारावर मुद्रांक शुल्क एकूण मोबदल्याच्या ०.२५ टक्का या एकाच दराने आकारले जाते. तरीही मजकुरात अकरा महिने टिकून आहेत. त्यांना टिकवून धरणारी गोष्ट बहुधा दलाली ही असावी, कारण दलाली दर कराराला, रिवाजाने मालकाकडून आणि राहणाऱ्याकडून एकेका महिन्याच्या भाड्याइतकी, घेतली जाते, आणि करार जितके वारंवार तितकी ती वारंवार. ‘हेवी डिपॉझिट’ हा उपनगरी चाळींत आणि जुन्या इमारतींत विशेष रूढ असलेला प्रकारही याच कुळातला : भाडे नाममात्र, अनामत काही लाखांची आणि मालकाचे उत्पन्न त्या रकमेच्या व्याजातून. मुद्रांक विभागाने त्याची दखल घेऊन अशा अनामतीवर वार्षिक १० टक्के काल्पनिक व्याज मोजायला आणि ते मोबदल्यात धरायला सुरुवात केली, तेव्हा त्यातली एक बचत संपली. प्रकार मात्र चालू राहिला.

मजकुरातल्या ज्या अटींचे मूळ भाडेनियंत्रणात नाही, त्या अधिक जुन्या आणि अधिक अवघड आहेत. फक्त फॅमिली, शाकाहारी कुटुंबास प्राधान्य, अमक्या समाजालाच, एकट्या मुली चालतील पण मुले नाहीत, या अटी चाळीच्या काळात छापाव्या लागत नसत, कारण खोली मुळातच ओळखीत जाई. ओळख नसलेल्या माणसांना जाहिरात पोहोचू लागली तेव्हा त्या शब्दांत उतरल्या. अविवाहितांना घर मिळत नाही म्हणून मित्रांनी जोडपी असल्याचे सोंग घेण्याची गोष्ट हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’ने १९६६ मध्ये आणि ‘अशी ही बनवाबनवी’ने १९८८ मध्ये सांगितली; दुसऱ्या चित्रपटाचे पुणे हे ठिकाण बदलून बोरिवली केले असते तरी एकही प्रसंग बदलावा लागला नसता. ब्रिटनने १९६८ च्या वंशसंबंध कायद्याने आणि अमेरिकेने त्याच वर्षीच्या न्याय्य गृहनिर्माण कायद्याने घरांच्या जाहिरातीत वंशावरून भेद करण्याला मनाई केली. भारतात खासगी मालकाच्या जाहिरातीला लागू होणारी अशी तरतूद नाही, आणि २००५ मध्ये अहमदाबादच्या झोरोॲस्ट्रियन सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सहकारी संस्थेला आपले सभासदत्व एका समाजापुरते ठेवता येते असे म्हटल्यावर संस्थांचा हात बळकटच झाला. मुंबईच्या उपनगरांत मालकाला संस्थेच्या ना-हरकत पत्रासाठी जावे लागते आणि अनेक अटी मालकाच्या नसून व्यवस्थापक समितीच्या असतात. समितीला पैशाच्या बाबतीत तरी शासनाने आवर घातला : १ ऑगस्ट २००१ च्या आदेशाने बिनभोगवटा शुल्क, म्हणजे सभासद स्वतः न राहता जागा दुसऱ्याला देतो म्हणून संस्था घेते ती रक्कम, सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर नेता येणार नाही असे ठरले.

माध्यमे पुढे झपाट्याने बदलली आणि त्यांवर फार रेंगाळण्याचे कारण नाही. लोकल गाडीच्या डब्यात चिकटवलेले पेइंग गेस्टचे कागद १९९५ च्या मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधक कायद्यानंतरही दिसत राहिले. केबलवाल्याच्या स्थानिक वाहिनीवर पडद्याच्या तळाशी सरकणारी पट्टी आली. ‘नाइंटीनाइन एकर्स’ २००५ मध्ये, ‘मॅजिकब्रिक्स’ २००६ मध्ये आणि पवईच्या आयआयटीतल्या तरुणांनी काढलेले ‘हाउसिंग’ २०१२ मध्ये सुरू झाले. बेंगळुरूच्या ‘नोब्रोकर’ने २०१४ मध्ये ‘दलाल क्षमस्व’ हे दोन शब्दच आपले नाव केले. त्याच वर्षी ८ जून रोजी वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो धावली, २०२२ आणि २०२३ मध्ये दहिसर ते अंधेरीच्या दोन मार्गिका टप्प्याटप्प्याने उघडल्या, आणि विजेच्या गाडीच्या काळापासून चालत आलेल्या स्टेशनपासूनच्या मिनिटांना मेट्रोपासूनची मिनिटे जोडली गेली.

२०११ च्या जनगणनेत मुंबईत सुमारे ४.८ लाख घरे रिकामी आढळली होती आणि २०१७-१८ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीने भारतीय शहरांतल्या भाड्याच्या घरांचे प्रमाण १९६१ च्या ५४ टक्क्यांवरून २०११ मध्ये २८ टक्क्यांवर आल्याचे नोंदवून त्याच्या कारणांत भाडेनियंत्रणाचा उल्लेख केला होता. त्यानंतर मुलुंड, घाटकोपर, बोरिवली भागांत जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाने मागणीचे नवे रूप आणले : इमारत पाडायला घेतली की तिच्यातली सगळी कुटुंबे, स्वतः मालक असूनही, विकासकाने दिलेल्या मासिक भाड्यावर एकाच महिन्यात, एकाच शाळेच्या आणि एकाच स्टेशनच्या परिसरात घर शोधू लागतात. अशा कुटुंबाला उपनगरातला मालक पसंती देतो, कारण त्याचे स्वतःचे घर जवळच उभे राहत आहे, ते जागा अडवून बसणार नाही. ‘रिडेव्हलपमेंट फॅमिलीला प्राधान्य’ ही ओळ त्या पसंतीतून आली. दलाल मात्र गेला नाही. २०१७ पासून राज्यात काम करणारे स्थावर संपदा प्राधिकरण दलालांची नोंदणी करते ती विक्रीच्या व्यवहारांसाठी. घर भाड्याने घेणारा त्या प्राधिकरणाच्या कायद्यातल्या ग्राहकाच्या व्याख्येत बसत नाही. म्हणून संकेतस्थळावर मालक म्हणून दिलेल्या क्रमांकावर फोन लावला असता पुष्कळदा पलीकडे दलालच बोलतो, आणि आपण मालकाचे भाऊ आहोत असे सांगतो.